लाली, ऊब, सूज आणि ठणका

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस नावाच्या गृहस्थाने लॅटिनमध्ये एक मोठा ज्ञानकोश लिहिला. त्यात शेतीपासून वक्तृत्वापर्यंत बरेच विषय होते. पैकी वैद्यकाचा भाग तेवढा शिल्लक राहिला आणि १४७८ साली फ्लॉरेन्समध्ये छापला गेला. सेल्सस स्वतः वैद्य होता की नुसताच बहुश्रुत लेखक, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. माझ्यासारख्या बाहेरून वाचत आत शिरलेल्या माणसाला ही गोष्ट जरा धीर देते. या सेल्ससचे चार शब्द आज जगातल्या प्रत्येक नर्सिंग कॉलेजात पाठ केले जातात : रूबोर, ट्यूमर, कॅलोर, डोलोर. लाली, सूज, ऊब आणि ठणका. शरीराच्या एखाद्या भागात ही चार लक्षणे दिसली की तिथे इन्फ्लमेशन आहे, म्हणजे दाह आहे, असे समजायचे.

आमच्या तालुक्याच्या गावी नर्सिंगचे कॉलेज निघाले तेव्हापासून जीएनएमच्या मुली इंग्रजी पाठ्यपुस्तके घेऊन माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही. जुनी वैद्यकीय पुस्तके गोळा करतो आणि समजेपर्यंत वाचत बसतो, एवढीच माझी पात्रता. त्यांतल्या एकीने विचारले, "काका, पुस्तकात रेडनेस लिहिलंय. पण वॉर्डातले आजोबा इतके सावळे आहेत की त्यांच्या पाठीला लाली दिसतच नाही. मग रिपोर्टमध्ये इन्फ्लमेशन नाही असं लिहायचं का?"

हा प्रश्न मला सेल्ससच्या चार शब्दांइतकाच महत्त्वाचा वाटला. कारण ही लक्षणे कशाने होतात, ती कधी लपतात आणि कधी मुक्काम ठोकून बसतात, हे कळल्याखेरीज जखमेची शुश्रूषा म्हणजे नुसती पट्टी बदलणे होते.

आधी ती होतात कशाने ते पाहू. बर्लिनमधील कोनहाइम या संशोधकाने जिवंत बेडकाच्या आतड्याला जोडलेला पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला आणि तासन्‌तास पाहत बसला. १८६७ साली त्याने जे प्रसिद्ध केले ते असे : इजा झाली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताचा प्रवाह आधी वाढतो, मग मंदावतो, पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीला कडेकडेने चिकटतात आणि भिंतीतून अंग आक्रसून घेत बाहेर पडतात. पू म्हणून आपल्याला जे दिसते त्यातल्या पेशी जागच्या जागी तयार झालेल्या नसतात, त्या रक्तातून आलेल्या असतात. कोनहाइमचा गुरू व्हिर्खो याचे मत नेमके उलट होते.

त्या पेशी बाहेर येऊन काय करतात, याचा धागा १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी मेच्निकॉफला सापडला. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती. एकट्या राहिलेल्या मेच्निकॉफने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात बागेतले बारीक काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता. या पेशी परकी वस्तू आणि जंतू गिळतात, हा सिद्धान्त त्यातून उभा राहिला आणि १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे लाली आणि ऊब ही जास्तीच्या रक्ताची, सूज वाहिन्यांतून झिरपलेल्या द्रवाची, आणि ठणका हा ताणलेल्या ऊतींचा व तिथे सुटणाऱ्या रसायनांचा. यातले काहीही रोग नव्हे. रस्ता खणून ठेवलेला दिसला म्हणजे पाइपलाइनचे काम चालू आहे असे आपण समजतो, तसेच हे. खणलेला रस्ता त्रासदायक असतो खरा, पण काम पुरे होण्याआधी बुजवला तर पुढे काय होते ते आपल्या शहरांतल्या लोकांना सांगायला नको.

आता त्या मुलीचा प्रश्न. लाली दिसते ती त्वचेखालच्या रक्ताचा रंग वरच्या थरातून पाहू शकतो म्हणून. त्या वरच्या थरात मेलॅनिन भरपूर असले तर तांबूसपणा झाकला जातो. गव्हाळ त्वचेवर तो गुलाबीऐवजी विटकरी दिसतो, सावळ्या त्वचेवर जांभळट किंवा करडा, आणि गडद काळ्या त्वचेवर आजूबाजूपेक्षा जरासा अधिक काळा, एवढेच. पाठ्यपुस्तकांतली छायाचित्रे मात्र बहुतांशी गोऱ्या त्वचेची. हे केवळ आपलेच गाऱ्हाणे नाही. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात शिकणाऱ्या मलोन मुक्वेंडे या विद्यार्थ्याला हाच प्रश्न पडला आणि त्याने दोन प्राध्यापकांच्या मदतीने काळ्या व सावळ्या त्वचेवर लक्षणे कशी दिसतात याची सचित्र पुस्तिका २०२० साली काढली. जगभर ती वाखाणली गेली. आपल्याकडे बहुतेक सगळे रुग्ण सावळे-गव्हाळ असूनही असे काही आधी सुचले नाही, याचे मला नवल वाटते.

सुश्रुतसंहितेत या बाबतीत एक जागा आहे. सूत्रस्थानात सुजेच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत : आम, पच्यमान आणि पक्व; म्हणजे कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली. कच्च्या अवस्थेच्या वर्णनात ऊब थोडी, वेदना थोडी, स्पर्श घट्ट, आणि रंग मात्र त्वचेसारखाच, असे स्पष्ट म्हटले आहे. पुढे पिकू लागल्यावर त्वचेचा रंग बदलतो, एवढेच तिथे येते. तो लालच होतो असे नाही. ज्याने हे लिहिले त्याने सावळ्या अंगावरच्या सुजा पाहिल्या होत्या आणि चाचपल्याही होत्या. यावरून आमच्याकडे सगळेच होते अशी आरोळी ठोकायचे कारण नाही. सेल्ससने त्याच्यासमोरचे रोगी पाहिले, यांनी आपल्यासमोरचे.

हा फरक जिवावर बेततो तो बेडसोरच्या बाबतीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर शरीराचे वजन सतत पडत राहते. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबले जाते, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि ऊती उपाशी मरू लागतात. पहिल्या पायरीची खूण म्हणून पुस्तक सांगते की तिथे लाली येते आणि बोटाने दाबली तरी ती पांढरी पडत नाही. सावळ्या पाठीवर ना ती लाली दिसते, ना पांढरे पडणे. मग पहिली पायरी नोंदलीच जात नाही, आणि एके दिवशी एकदम त्वचा फुटलेली आढळते. तोवर आतले मांस बरेच खोलवर गेलेले असते, कारण ही जखम बहुधा हाडाकडून वर येते.

माझी आई शेवटचे दीड वर्ष अंथरुणावर होती. तिला पाहायला एक निवृत्त सिस्टर येत. त्या खिडकी उघडून उजेड घेत आणि ओल्या फडक्याने पाठ पुसत. ओलसर त्वचेवर रंगातला फरक जास्त कळतो असे त्या म्हणत. मग हाताची मागची बाजू माकडहाडावर ठेवत आणि लगेच शेजारी चार बोटांवर ठेवत. "वहिनी, रंगावर जाऊ नका, हात फिरवा," असे त्यांनी माझ्या पत्नीला सांगितले. शेजारच्यापेक्षा गरम लागते का, किंवा गार लागते का, घट्ट लागते का, की पिकलेल्या पेरूसारखे दबते, चकाकते का, माणूस तिथे हात लावल्यावर कण्हतो का. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि प्रत्येक वेळी हात फिरवायचा. पुढे वाचताना मला दिसले की दाबाच्या जखमांवरच्या अलीकडच्या मार्गदर्शिकांत सावळ्या त्वचेसाठी हेच लिहिले आहे : तापमान, घट्टपणा, वेदना शेजारच्या जागेशी ताडून पाहा. सिस्टरनी त्या मार्गदर्शिका वाचल्या नव्हत्या.

उबेचा उपयोग पायाच्या बाबतीत तर आणखी आहे. मधुमेह जुना झाला की तळपायाची संवेदना बोथट होते. अशा पायावर एखादी जागा रोज दाबली जात असेल तर त्वचा फुटण्याच्या कितीतरी दिवस आधी ती जागा तापते. दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा तापमान सुमारे २.२ अंश सेल्सिअसने जास्त राहिले तर तो पाय विश्रांतीवर ठेवावा, असा संकेत संशोधकांनी मानला आहे. थर्मामीटर नसला तरी दोन्ही तळव्यांवर हाताची पाठ ठेवून पाहणे कुणालाही जमते.

लक्षण लपते तसे ते माणूस मुद्दाम विझवतोही. गजकर्ण किंवा नायटा झाला की मेडिकलच्या दुकानातून एखादी ट्यूब आणायची, ही आपल्याकडची सर्रास रीत. त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा बुरशीनाशकासोबत जोरदार स्टेरॉइड असते. स्टेरॉइड दाह थांबवते. दोन दिवसांत खाज गेली, लाली गेली, माणूस खूश. पण बुरशीला अडवणाऱ्या पेशीच माघारी बोलावल्या गेल्यामुळे ती निवांत पसरत जाते. नायट्याची ठळक गोल कडाही पुसली जाते आणि पुढे डॉक्टरलाही तो पटकन ओळखू येत नाही. १९६८ साली आइव्ह आणि मार्क्स या दोघा ब्रिटिश डॉक्टरांनी या प्रकाराला 'टिनिया इन्कॉग्निटो' म्हणजे वेषांतर केलेला नायटा असे नाव दिले. अर्धे शतक उलटून गेले, आणि आज भारतातले त्वचारोगतज्ज्ञ याच गोष्टीने हैराण आहेत. तीच ट्यूब गोरे होण्यासाठी तोंडाला लावणाऱ्यांची कातडी पातळ होते, केस उगवतात, मुरमे येतात. ते प्रकरण वेगळे लिहिण्याजोगे आहे.

दाह विझवू नये तसा तो रेंगाळूही नये. सोरायसिसमध्ये तो विनाकारण पेटलेला राहतो. निरोगी त्वचेत तळाच्या थरातली पेशी वर येऊन गळायला साधारण चार आठवडे घेते, सोरायसिसमध्ये तीन ते पाच दिवस. म्हणून चांदीसारखे पापुद्रे साचतात. क्योब्नर या जर्मन त्वचातज्ज्ञाने १८७०च्या दशकात दाखवले की अशा रुग्णाच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेवर ओरखडा उठला, तर त्या ओरखड्याच्याच रेषेत नवा चट्टा उमटतो. कोडाच्या बाबतीतही असे होते. नर्सने सोरायसिसच्या रुग्णाच्या हातावरची चिकटपट्टी सावकाश का काढायची, याचे उत्तर इथे आहे.

आता जखम भरण्याकडे वळू. इथे एक शब्द बघण्यासारखा आहे. संस्कृतात 'व्रण' म्हणजे जखम. मराठीत आपण तो शब्द बहुधा जखम भरल्यावर राहिलेल्या खुणेला वापरतो. म्हणजे भाषेनेच एका शब्दात जखमेचा आरंभ आणि शेवट धरून ठेवला आहे. मधली गोष्ट अशी : रक्त गोठते आणि भोक बुजते. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल पेशी येतात, जंतू मारतात, मरतात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफाज येतात. त्या मेलेले गोळा करतात आणि जाता जाता पुढच्या कामकऱ्यांना हाक मारतात. मग फायब्रोब्लास्ट कोलॅजेनचे धागे विणू लागतात, नव्या केशवाहिन्या शिरतात, आणि जखमेचा तळ लाल, ओलसर, दाणेदार दिसू लागतो. वॉर्डात त्याला ग्रॅन्युलेशन म्हणतात आणि ते दिसले की सिस्टरच्या चेहऱ्यावर समाधान येते. त्यावरून कडेच्या पेशी सरकत येऊन पांघरूण घालतात. पुढे वर्षभर, कधी त्याहून जास्त, आतले धागे उसवून पुन्हा नीट विणण्याचे काम चालते. तीन आठवड्यांच्या व्रणात मूळ त्वचेच्या सुमारे पाचवा हिस्साच बळ असते, आणि कितीही काळ गेला तरी ते साधारण ऐंशी टक्क्यांपलीकडे जात नाही. टाके काढले म्हणजे पोते उचलायला मोकळे झालो, असे समजणाऱ्या माणसाला हे आकडे सांगावेत.

व्रण ही मेलेली खूण नसते, याचा एक विलक्षण पुरावा दर्यावर्दींच्या इतिहासात आहे. कमोडोर अ‍ॅन्सनच्या १७४० ते १७४४च्या जगप्रदक्षिणेत खलाशी स्कर्व्हीने पटापट मेले. जहाजावरचा धर्मगुरू रिचर्ड वॉल्टर याच्या नावाने १७४८ साली निघालेल्या वृत्तान्तात एका म्हाताऱ्या सैनिकाची हकिगत आहे. १६९० साली आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत तो जखमी झाला होता. पन्नास वर्षांमागे भरलेल्या त्या जखमा स्कर्व्हीत पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. कारण आज कळते : कोलॅजेनचा धागा पक्का व्हायला क जीवनसत्त्व लागते, आणि व्रणातला धागा सतत झिजतो व सतत नवा होतो. पुरवठा थांबला की झीज तेवढी उरते. जखम असलेल्या माणसाला 'पथ्य' म्हणून लिंबू-आवळा बंद करणारी घरे मी पाहिली आहेत. आंबटाने जखम चिघळते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी या सैनिकाची गोष्ट ऐकावी. पथ्याच्या नावाखाली डाळ, अंडी बंद करणे हेही तसेच. कोलॅजेन हे शेवटी प्रथिनच आहे.

घराघरांत वाद असतो तो मात्र वेगळा : जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, की झाकावी? जुने लोक म्हणतात हवा लागू दे, खपली धरू दे. १९६२ साली जॉर्ज विंटर याने लंडनमध्ये कोवळ्या डुकरांच्या पाठीवर वरवरच्या सारख्या जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ कागदाखाली ओलसर ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कडेची पेशी ओल्या पृष्ठभागावरून सरकते. जखम वाळली की तिला वाळलेल्या थराखालून, जिथे ओल शिल्लक आहे तिथवर खोल उतरून, वाट काढावी लागते. म्हणजे खपली ही काही निसर्गाची मलमपट्टी नव्हे, ती अडथळा जास्त आहे. मात्र ओलसर म्हणजे चिंब नव्हे. फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी कडेची त्वचा पांढरी, सुरकुतलेली झाली तर ओल जास्त झाली. आणि मधुमेह्याचे काळे पडून वाळलेले बोट हा अपवाद लक्षात ठेवावा. ते कोरडेच ठेवतात आणि शल्यचिकित्सकाला दाखवतात.

याहून मोठे नुकसान होते ते पट्टी काढताना. कोरडे गॉज जखमेला चिकटते. दुसऱ्या दिवशी ते ओढून काढले की त्यासोबत रात्रभरात सरकलेल्या पेशी, नव्या केशवाहिन्या, सगळे उपटून निघते. रुग्ण ओरडतो, ड्रेसिंग म्हणजे दुखायचेच, अशी सगळ्यांची समजूत असते. भाजलेल्या रुग्णाचे तर अर्धे अंग असे रोज सोलले जाई. मुंबईत यावर दोन देशी तोडगे निघाले आणि दोन्ही जगाच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले. १९८०च्या दशकात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर लावून भाजलेल्या जखमा झाकल्या. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान घेतले. पान स्वच्छ करून पट्टीवर चिकटवायचे, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायचे आणि जखमेवर गुळगुळीत बाजू ठेवायची. व्हॅसलीन गॉजशी तुलना केली तेव्हा केळीच्या पानाखाली वेदना कमी होत्या आणि पट्टी सहज निघत होती. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पानाला मऊ मेणचट थर असतो आणि त्याला काही चिकटत नाही, हे पानावर जेवलेल्या कुणालाही ठाऊक आहे. त्या ठाऊक असण्याचा ऑपरेशन थिएटरशी संबंध जोडायला मात्र वॉर्डात ओरडणारा रुग्ण रोज ऐकावा लागतो.

जंतुनाशक ओतण्याची आपली हौसही अशीच तपासून पाहावी. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या बुलोन येथे आल्मरॉथ राइट यांच्या हाताखाली अलेक्झांडर फ्लेमिंग काम करत होता. पेनिसिलिन अजून दहा-बारा वर्षे दूर होते. शेलच्या तुकड्यांनी झालेल्या जखमा वेड्यावाकड्या असत. फ्लेमिंगने काचेच्या नळीला तापवून काटेकाटे काढले, तशी एक नकली जखम बनवली आणि दाखवले की औषध त्या कोनाकोपऱ्यांत पोचतच नाही. तिथले जंतू पुन्हा वाढतात. जिथे पोचते तिथे जंतूंआधी पांढऱ्या पेशी मरतात. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर येणारा फेस पाहून घरच्यांना बरे वाटते, पण तो फेस नव्या पेशींनाही सोडत नाही. साध्या जखमेला भरपूर स्वच्छ वाहते पाणी पुष्कळदा पुरते. पिण्याजोग्या नळाच्या पाण्याने धुतलेल्या जखमांत सलाइनच्या तुलनेत संसर्ग वाढत नाही, असे कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांतून दिसते.

आणि हळद. दिवाळी अंकाच्या वाचकाला हळदीच्या पेटंटची गोष्ट माहीत असते. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिले, जुने संस्कृत संदर्भ आणि १९५३चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेख पुढे ठेवला, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण त्या निकालाने सिद्ध काय झाले? हळदीचा हा उपयोग नवा नाही, एवढेच. पेटंट कार्यालयापुढचा प्रश्न नावीन्याचा होता, गुणाचा नव्हे. 'हळदीने जखम भरते हे अमेरिकेनेही मान्य केले' असे भाषणांत ऐकू येते, ते या निकालाचे चुकीचे वाचन आहे. हळदीतल्या करक्युमिनवर प्रयोगशाळांत पुष्कळ काम झाले आहे आणि त्यात दाह कमी करणारे गुण दिसतातही. स्वयंपाकघरातली हळद मात्र निर्जंतुक नसते. दळलेल्या मसाल्यात जंतूंचे बीजाणू असू शकतात. बोटाला विळी लागली आणि चिमूटभर हळद दाबली तर रक्त थांबते, ते बरेचसे दाबण्याने. मधुमेह्याच्या पायाच्या खोल जखमेत ती भरणे वेगळे. तिथे पिवळ्या थराखाली पू आहे की मांस, हे तपासणाऱ्याला दिसत नाही.

चौथे लक्षण ठणका. ते नसले तर काय होते, याचे सर्वांत मोठे प्रकरण आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे. कुष्ठरोगाचा जंतू हान्सेनने १८७३ साली शोधला. तो त्वचेत आणि त्वचेजवळच्या मज्जातंतूंत राहतो, म्हणून फिकट चट्टा पडतो आणि त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही. पण बोटे झडतात, पायाला वर्षानुवर्षे न भरणारी जखम राहते, ते का? रोगाने मांसच सडते, असे डॉक्टरही मानत. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरला आले. त्यांचा जन्म तामिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांतला, आईवडील मिशनरी. कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करताना त्यांना आढळले की या रुग्णांच्या जखमा चांगल्या भरतात, इतरांच्या भरतात तशाच. मग पायाची का भरत नाही? कारण दुखत नसल्यामुळे माणूस तिच्यावर चालतो. तुमच्याआमच्या टाचेला फोड आला तर आपण नकळत लंगडतो. ते लंगडणे हाच उपचार असतो. त्या रुग्णाला लंगडता येत नाही. पायाला प्लॅस्टर घालून भार सर्वत्र सारखा वाटला की जुन्या जखमा भरून आल्या. हीच पद्धत पुढे अमेरिकेतल्या मधुमेह्यांच्या पायासाठी वापरात आली.

आनंदवन, अमरावतीचे तपोवन, वर्ध्याजवळचे दत्तपूर ही नावे महाराष्ट्राला सेवेसाठी ठाऊक आहेत. तिथे रोजच्या रोज पाय धुऊन, पाण्यात बुडवून, तेल लावून, भेगा पाहण्याचे जे काम चालत आले, ते या शास्त्राचेच आचरण आहे. बधिर पायाची त्वचा घाम येत नसल्याने कोरडी पडते, कोरडी त्वचा तडकते, तडकलेल्या जागेतून जंतू जातात. म्हणून वीसेक मिनिटे साधे पाणी, मग ओल टिकावी म्हणून तेल. सरकारी कार्यक्रमातून मिळणाऱ्या एमसीआरच्या चपला, म्हणजे मऊ स्पंजी रबराचा तळ असलेल्या, त्याच कामाच्या. त्यांना खिळे नसतात. झिजलेल्या तळातून वर आलेला खिळा ज्याला कळत नाही त्याच्यासाठी त्या आहेत. खंत एवढीच की त्या लांबून ओळखू येतात, आणि ओळखू येऊ नये म्हणून पुष्कळ जण त्या घालत नाहीत. साध्या सँडलसारख्या दिसतील अशा बनवणे हाही उपचारच समजायला हवा.

आता कुष्ठरोग्यांपेक्षा मधुमेह्यांची संख्या कितीतरी पट अधिक आहे, आणि बधिर पाय घरोघरी आहेत. नर्सिंगच्या मुलींना नायलॉनचा एक तंतू देतात. तो दहा ग्रॅम दाबाला वाकतो. डोळे मिटलेल्या रुग्णाच्या तळव्याला ठरावीक जागी तो टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा आणि कळले का विचारायचे. जिथे कळत नाही तिथे ठणका येणार नाही, आणि सावळ्या तळव्याच्या जाड कातडीवर लालीही दिसणार नाही. उरतात ऊब आणि सूज, ती रोज कुणीतरी हाताने पाहायची. रुग्णाचा स्वतःचा हात बधिर असेल तर घरातल्या दुसऱ्याने. गरम पाण्याची पिशवी आणि शेकोटी अशा पायाला वर्ज्य. आंघोळीच्या पाण्यात आधी कोपर बुडवून पाहायचे. आणि चप्पल पायात घालण्याआधी उलटी करून झटकायची, कारण सकाळी आत गेलेला खडा संध्याकाळपर्यंत कळणार नाही.